केस बंद झाली म्हणून सही नाही? हे उत्तर अंतिम समजू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-4 व्हिसावर अमेरिकेत आलात, नवऱ्याने हात उचलला, तुम्ही 911 ला फोन केला, पोलीस रिपोर्ट झाला. आता यू व्हिसासाठी (गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांचा अमेरिकी व्हिसा) सप्लिमेंट बी वर, म्हणजे तुम्ही तपासाला मदत केली हे सांगणाऱ्या फॉर्मवर, सही मागितली तर पोलीस खातं म्हणतंय की केस बंद झाली, सही होणार नाही. वकील म्हणतात रांग वीस वर्षांची आहे. आणि तुम्ही विचारताय की यासाठी झगडावं की सरळ पुण्याला परत जावं. मलाही हेच उत्तर मिळालं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मी वकील नाही, माझ्यावरून तुमच्या केसचा अंदाज बांधू नका. पण सहीच्या बाबतीत मला जे फार उशिरा कळलं ते तुम्हाला आज कळावं.

आय-918, म्हणजे यू व्हिसाचा मुख्य अर्ज, कसा भरायचा, कागद कोणते, यात जात नाही. ते वकील बघतील.

माझ्याकडचं पोलीस खातं एका उपनगरातलं होतं, नाव लिहीत नाही. खिडकीवरच्या बाईंनी आधी सांगितलं की अटक झाली नाही, त्यामुळे काही करता येत नाही. मग म्हणाल्या, केस बंद आहे. मग फॉर्म ठेवून घेतला आणि त्यानंतर कोणाकडे आहे हेच कोणी सांगेना. डिटेक्टिव्ह रेकॉर्ड्सकडे पाठवायचे, रेकॉर्ड्सवाले डिटेक्टिव्हकडे. शेवटी सही झाली तीही अशा अधिकाऱ्याची, ज्याला खातेप्रमुखाने त्या कामासाठी नेमलेलंच नव्हतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खेटे. त्या लोकांना माझ्याबद्दल राग नव्हता, हे मला आजही जास्त लागतं. त्यांना फक्त नियम माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायचाही नव्हता.

नियम असा आहे. पीडितेने तपासाला मदत केली, करते आहे किंवा करू शकेल, एवढंच सही करणाऱ्याला लिहून द्यायचं असतं. आरोपीला अटक झालीच पाहिजे, खटला उभा राहिलाच पाहिजे, शिक्षा झालीच पाहिजे, असं कुठेही नाही. बंद केसवरही सही होते, जुन्या गुन्ह्यावरही होते. मात्र सही करायचीच, अशी केंद्रीय कायद्याची सक्ती कुठल्याही खात्यावर नाही, आणि इथेच सगळं अडतं. कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या काही राज्यांनी उत्तर देण्याची मुदत कायद्यात घालून दिली आहे. माझ्या राज्यात तसं काही नव्हतं.

आता मुद्द्याचं. पोलीस हा एकच दरवाजा नाही! सरकारी वकिलाचं ऑफिस सही करू शकतं. न्यायाधीश करू शकतात. तुम्हाला कोर्टाकडून रिस्ट्रेनिंग ऑर्डर (नवऱ्याला तुमच्यापासून दूर ठेवणारा आदेश) मिळाली असेल तर ती देणाऱ्या न्यायाधीशांकडे मागणी करता येते. मूल असेल आणि बालसंरक्षण विभागाने चौकशी केली असेल तर तोही विभाग. माझी सही शेवटी सरकारी वकिलाच्या ऑफिसातून आली, आणि तिथल्या माणसाला फॉर्म काय आहे हे समजावून सांगावंही लागलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की पोलिसांनी एकदा लेखी नकार दिला की त्यांच्या मागे महिने घालवू नयेत. तुमच्या वकिलांचं वेगळं म्हणणं असेल तर त्यांचं ऐका, पण कारण विचारा.

घाई का, तर रांगेतली जागा अर्ज पोचल्याच्या तारखेने ठरते. कायदा 2000 सालचा. त्यात मुख्य अर्जदारांना (कुटुंबीय वेगळे) वर्षाला 10,000 व्हिसांची मर्यादा घातली. 2010 मध्ये ती पहिल्यांदा संपली आणि तेव्हापासून रांग वाढतेच आहे. आज नुसत्या मुख्य अर्जदारांचीच संख्या दोन लाखांच्या पुढे आहे, म्हणून वकील वीस वर्षं म्हणतात. ते खोटं नाही. पण सगळंच वीस वर्षं अडून राहत नाही. जून 2021 पासून प्राथमिक छाननी सुरू झाली. अर्ज खरा वाटला आणि पार्श्वभूमी तपासणीत अडचण निघाली नाही, तर चार वर्षांचं वर्क परमिट आणि डिफर्ड अ‍ॅक्शन (तूर्त देशाबाहेर न काढण्याचा निर्णय) मिळू शकतं. त्यालाही वर्षं लागतात, आणि मिळेलच असं नाही. तरीही नोकरी करून स्वतःच्या नावावर भाड्याचं घर घेता येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

सही मिळाली की सहा महिन्यांच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, नाहीतर ती सही फुकट. त्यामुळे बाकीचे कागद आधी तयार ठेवा. आय-918 ला फी नाही. ‘सरकारी फी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर सावध व्हा.

यू व्हिसाच्या नादात दोन प्रश्न राहून जातात. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरच आहे का त्याचं ग्रीन कार्ड झालंय? झालं असेल तर व्हावा कायद्याखालचा (छळ झालेल्या जोडीदारांसाठीचा) अर्ज करता येईल का ते बघा, तिथे ही 10,000 ची मर्यादा नाही. नसेल झालं, तर छळ झालेल्या एच-4 पत्नीसाठी वेगळं वर्क परमिट आहे, फॉर्म आय-765व्ही. घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांच्या आतच अर्ज करता येतो, म्हणून कोर्टात तारीख लागण्याआधी हे विचारा. मला हा फॉर्म कोणीच सांगितला नव्हता, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माहेरचे लोक म्हणतील, भारतात तक्रार कर, 498अ लाव (आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 85). त्याचा निर्णय वेगळा घ्या. भारतातल्या पोलिसांचा कागद सप्लिमेंट बी च्या जागी चालत नाही.

पत्ता वकिलांचा किंवा संस्थेचा द्या, नवऱ्याला माहीत असलेल्या घरी एकही पत्र जाऊ देऊ नका. न्यू जर्सीत मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, बे एरियात मैत्री या आपल्याकडच्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. मंडळातल्या ओळखीच्या काकूंना सांगण्यापेक्षा तिथे फोन करा. काकू चांगल्याच असतात, पण बातमी नवऱ्यापर्यंत पोचते.

पुण्याला परत जाण्याबद्दल: जावंसं वाटणं अगदी बरोबर आहे, त्यात हरण्यासारखं काही नाही. अर्ज भारतातूनही करता येतो, गुन्हा अमेरिकेत घडलेला असला की झालं. पण ते चार वर्षांचं वर्क परमिट फक्त अमेरिकेत असलेल्यांना मिळतं. शिवाय स्टेटस संपून 180 दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर परत येण्यावर तीन वर्षांची बंदी येते, वर्ष उलटलं तर दहा वर्षांची. त्यासाठी माफीचा अर्ज असतो, पण ती मिळेलच असं धरून विमानात बसू नका. दुसऱ्या बाजूने, 2025 पासून इथलं वातावरणही कडक झालंय. आयसीईने (बेकायदा राहणाऱ्यांना पकडून बाहेर काढणारं अमेरिकी खातं) जानेवारीतच पीडितांना सांभाळून घेण्याची 2021 ची पद्धत मागे घेतली. बोस्टनच्या फेडरल कोर्टात तर दुकानांवर खोटे दरोडे घडवून यू व्हिसा मागणाऱ्यांवर खटले झाले. त्या लोकांमुळे खरा मार खाल्लेल्या बाईच्या कागदाकडेही संशयाने पाहिलं जातं, याचा मला फार संताप येतो. म्हणून रिपोर्ट, दवाखान्याचे कागद, फोटो, मेसेज, सगळं तारखेसकट जपा.

तुमचं राज्य कोणतं, रिस्ट्रेनिंग ऑर्डर आहे का, आणि नकार लेखी मिळालाय की नुसता फोनवर, एवढं इथे लिहा. गावाचं नाव आणि केस नंबर मात्र लिहू नका.