भिशीच्या गटातून दान करायचंय, पैसे कुणाच्या खात्यात ठेवायचे?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत ११ जणींची भिशी आहे. यंदापासून दरमहा प्रत्येकी ५०० रुपये वेगळे काढून एखाद्या संस्थेला द्यायचं ठरलंय. पैसे माझ्या खात्यात जमा करा, असा सगळ्यांचा आग्रह. पण आत्ताच वाद सुरू झालेत. एकीला अन्नदान करायचंय, दुसरीला भटक्या कुत्र्यांसाठी द्यायचंय, तिघींना करसवलतीची पावती हवीय. कशी सुरुवात करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या एकटीच्या खात्यात पैसे घेऊ नका. यात अविश्वासाचा प्रश्न नाही.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, तरी आमच्या १६ जणींच्या गटाने हीच चूक केली. सगळी रक्कम एका मैत्रिणीच्या बचत खात्यात होती आणि ती मैत्रीण अचानक वारली. बँकेच्या लेखी पैसे तिचेच, नॉमिनी तिचा मुलगा. पोरगा गुणी, पै न पै परत केली. पण मृत्यूचा दाखला, क्लेमचे कागद यांत अडीच महिने गेले. त्या पैशांतून एका मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. शेवटी चौघींनी घरखर्चातून ती भरली. आई गेलेल्या मुलाकडे पैशांचा विषय काढावा लागला, ते मला आजही बोचतं.

तेव्हापासून संस्था आम्ही मिळून ठरवतो, पैसे मात्र जी ती आपल्या खात्यातून थेट पाठवते. पावतीचंही त्यातच भागतं. करसवलतीचं (८०जी) प्रमाणपत्र दान देणाऱ्याच्या नावाने आणि पॅनवर निघतं. सगळ्यांचे ५,५०० तुमच्या खात्यातून गेले तर सवलत तुमच्याच नावावर दिसणार. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलं तर सवलत नाही. शिवाय नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही. त्या तिघींना आधी एवढं विचारा.

शिलाई मशीन, व्हीलचेअर अशी वस्तू घ्यायची असली की मात्र पैसे एकत्र करावेच लागतात. त्यासाठी दोघींच्या नावाने ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खातं उघडा, म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटी ते चालवू शकते आणि एक गेली तरी दुसरीला पैसे काढता येतात. दोघींच्या सह्या लागणारं खातं जास्त सुरक्षित वाटतं, पण एकीचं काही झालं की तेही अडतं. दर महिन्याला पासबुकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका आणि रक्कम साठवून ठेवू नका.

अन्नदान की कुत्री, हे भिशीसारखं चिठ्ठीवर सोडा. जिची चिठ्ठी निघेल तिने संस्था सुचवायची. पैसे देण्याआधी दुसऱ्या दोघींनी तिथे जाऊन यायचं, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा ऑडिट अहवाल बघायचा. आणि काय कमी पडतंय ते विचारायचं. एका वृद्धाश्रमात आम्ही साड्या नेणार होतो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, साड्यांचे गठ्ठे बांधून पडलेत, मोठ्या माणसांचे डायपर पुरत नाहीत.

अजून एक, माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. ११ जणींमध्ये कुणाला तरी ५०० जड जात असतील आणि ती चारचौघींत बोलणार नाही. रक्कम सारखी ठेवू नका. तळेगावचा काच कारखाना १९०८ साली पैसा फंडातून, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभा राहिला. जिने तिने आपलं परस्पर पाठवलं, तर कुणी ५० दिले आणि कुणी ५००, हे विचारायची वेळच येणार नाही.