सीटी नॉर्मल आला, म्हणजे पक्षाघाताचा झटका नव्हता का?

सीटी (क्ष-किरणांनी काढलेली चित्रे), एमआरआय आणि ईईजी या मेंदूच्या तपासण्यांची सरमिसळ झालेली पत्रे दर आठवड्याला येतात, म्हणून या वेळी त्यांची एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : एमआरआयमध्ये क्ष-किरण असतात का?
उत्तर : नसतात.

प्रश्न : पेसमेकर असल्यास एमआरआय करता येतो का?
उत्तर : काही पेसमेकर चालतात, काही चालत नाहीत, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : काल सकाळी वडिलांचे तोंड अचानक वाकडे झाले, उजवा हात उचलेना. दुपारी काढलेला सीटी नॉर्मल आला आणि हातही सुधारला, म्हणून घरी आणले. पुढच्या आठवड्यात एमआरआय करावा का?
उत्तर : पुढच्या आठवड्यात नव्हे, त्यांना आत्ताच मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. पक्षाघाताच्या रुग्णाचा सीटी प्रथम काढतात तो मुख्यतः रक्तस्राव आहे का हे पाहण्यासाठी, कारण ताजे रक्त त्यात पांढरे दिसते आणि तपासणी काही मिनिटांत होते. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर पहिल्या काही तासांत तो भाग सीटीत निरोगी भागासारखाच दिसू शकतो. एमआरआय चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी वापरून ऊतींमधल्या पाण्यातील हायड्रोजनचे संकेत टिपतो, आणि त्यातल्या डिफ्यूजन पद्धतीत रक्त न पोहोचलेला भाग बहुधा लवकर उठून दिसतो. हात सुधारला याचा अर्थ धोका टळला असा नाही; अशा तात्पुरत्या झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच मोठा झटका येण्याची भीती अधिक असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि नेमके तेच तास तेल चोळण्यात, ‘पित्त झाले असेल’ म्हणण्यात आणि ‘जरा पडू द्या’ या सल्ल्यात निघून जातात, हे पाहून मन विषण्ण होते. पुन्हा असे झाले तर रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ लिहून ठेवा, १०८ क्रमांकावर फोन करा, आणि सीटी होईपर्यंत रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून देऊ नका.

प्रश्न : मुलीला दोनदा फिट आली, पण ईईजी नॉर्मल आहे. शेजारी म्हणतात, मग गोळ्या कशाला?
उत्तर : शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून गोळ्या थांबवू नका, त्या अचानक बंद केल्यास दीर्घकाळ न थांबणारी फिट येऊ शकते. ईईजी मेंदूतील विद्युत हालचाल नोंदवतो, पण तेवढ्याच वेळापुरती, त्यामुळे अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा विकार, असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, म्हणून एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही. गोळ्यांचा निर्णय तिच्या डॉक्टरांवरच सोपवा.

प्रश्न : ‘ब्रेन मॅपिंग’ करून मुलाचा कल सांगतात. खर्च करावा का?
उत्तर : मुळीच करू नये. फंक्शनल एमआरआय रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूचा कोणता भाग कामात आहे याचा अंदाज देतो, आणि शस्त्रक्रियेपूर्वी भाषेची केंद्रे शोधण्यासाठी त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तुमचा मुलगा अभियंता व्हावा की वैद्य, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. पालकांच्या काळजीवर चालणारा हा धंदा आहे. अभ्यासात अडचण असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : पेट स्कॅन महाग असतो, म्हणजे तो सर्वांत चांगला का?
उत्तर : नाही. मेंदूच्या पेटमध्ये बहुतेकदा किरणोत्सारी ग्लुकोज देऊन कोणता भाग ते किती वापरतो हे पाहतात. बारीक रचना एमआरआयमध्येच अधिक स्पष्ट दिसते. स्मृतिभ्रंश किंवा गाठीच्या काही रुग्णांत पेटचा उपयोग होतो, तोही तज्ज्ञांनी सांगितला तरच.