घरी एपिफोन लेस पॉल असताना गिब्सनची घेतली तर टोनमध्ये खरंच तेवढा फरक पडतो का?

तुमच्याकडे एपिफोनची, म्हणजे गिब्सनच्याच मालकीच्या स्वस्त ब्रँडची, लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार आहे, आता गिब्सनची घ्यायची म्हटलं तर साधारण चौपट पैसे मोजावे लागतात, मग टोनपण तेवढा सुधारतो का असं तुम्ही विचारलंय. सरळ सांगतो, फरक आहे, पण चौपट बिलकुल नाही, आणि जो आहे तो बराचसा पिकअपमधून (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकी भाग) येतो, लाकडातून नाही.

माझी एपिफोन आणि मित्राची गिब्सन, दोन्ही स्टँडर्ड फिफ्टीज, आम्ही जॅमरूममध्ये शेजारी ठेवून वाजवल्यात. आधी गिब्सन एकदम भरदार वाटली, सगळे म्हणाले हाच तो टोन. मग लक्षात आलं की तिचा ब्रिज पिकअप (मानेपासून लांबचा) तारांच्या बराच जवळ होता, त्यामुळे ती मोठ्याने वाजत होती, आणि जरा मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं, हे सगळ्यांचंच होतं. मग शेवटच्या फ्रेटवर (मानेवरची धातूची पट्टी) तार दाबून, पिकअपच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून दोन्हीकडे अंतर सारखं केलं, दोन्हीला नवीन 10-46 जाडीच्या तारा टाकल्या, केबल तीच, अ‍ॅम्प तोच, नॉब तिथल्या तिथे. आता डोळे मिटून ऐकताना डिस्टॉर्शनवर (आवाज मुद्दाम फाटका करून) कोणती कुठली हे कुणालाच ठामपणे सांगता येईना. क्लीनवर, म्हणजे स्वच्छ आवाजात, मात्र कळत होतं, खास करून मानेजवळच्या नेक पिकअपवर, गिब्सनमध्ये जाड तारांवर कॉर्ड वाजवली की आतला एकेक सूर सुटा ऐकू येतो, एपिफोनमध्ये तेच सूर एकमेकांत मिसळून जरा गढूळ होतात.

गिब्सनच्या बर्स्टबकर या पिकअपमध्ये दोन कॉइलचे वेढे मुद्दाम कमीजास्त ठेवलेले असतात, 1957 च्या आसपासच्या जुन्या हमबकरमध्ये (दोन कॉइलचा पिकअप) ते आपसूक व्हायचे तसे, आणि त्यामुळे वरच्या सुरांना थोडी धार येते. एपिफोनचा प्रोबकर पिकअपपण त्याच जुन्या हमबकरवर बेतलेला आहे, वाईट अजिबात नाही. शिवाय पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचा रोध. 500 के (किलोओहम) लिहिलेला पॉट मोजला तर 450 पण निघतो आणि 540 पण, आणि कमी निघाला की ट्रेबल थोडा दबतो. म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन गिटारीसुद्धा तंतोतंत सारख्या वाजत नाहीत.

लाकडाबद्दल लोक तावातावाने भांडतात, पण ज्यांच्या नावाची ही गिटार आहे त्या गिटारवादक लेस पॉल यांनी खुद्द काय केलं होतं बघा. 1940 च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कमध्ये, तेही एपिफोनच्याच कारखान्यात, 4 बाय 4 इंची पाइनच्या ठोकळ्याला मान आणि पिकअप जोडून गिटार बनवली, तिला लॉग म्हणतात. नुसता ठोकळा घेऊन वाजवलं तर ऐकणाऱ्यांना ते काही रुचेना, मग त्यांनी एका गिटारची बॉडी मधोमध कापून दोन्ही बाजूंना पंखांसारखी लावली आणि लोक खूश झाले. वाजणारा भाग तोच होता! (गिब्सनने एपिफोन कंपनी विकत घेतली ती पुढे 1957 मध्ये.)

मग जास्तीचे पैसे जातात कुठे, तर नॅशव्हिलच्या कारागिरांची मजुरी, पातळ नायट्रो लॅकरचे थर जे सुकायला वेळ लागतो (एपिफोनवर पॉलीयुरेथेन असतं), फ्रेटच्या कडांवरचं काम, आणि अर्थात मानेच्या टोकाला, हेडस्टॉकवरचं नाव. मान हातात धरल्यावर फरक जाणवतो हे मी मान्य करतो, आणि रोज तीन तास वाजवणाऱ्याला ती छोटी गोष्ट नाहीये. पुढे विकायला काढली तर गिब्सनला पैसेही बरे येतात.

एक दुखणं मात्र दोन्हीत सारखंच, तिसरी तार, म्हणजे जी. हेडस्टॉक मागे कललेला आणि तार नटमधून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) निघाल्यावर बाजूला वळते, म्हणून ती खाचेत अडकते, सूर लावताना टिंग असा आवाज येऊन एकदम पुढे सरकते आणि तार बोटाने ओढून बेंड मारला की बेसूर. महागडीतही हे होतं. चांगल्या लूथियरकडून, म्हणजे गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, खाच घासून घ्या, सोबत सेटअपपण (मान, तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घ्या, आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यानंतर मान एकदा तपासूनच घ्या, गिटार बदलून वाटेल त्यापेक्षा जास्त फरक तुम्हाला त्यानेच वाटेल.

आणि तुम्ही अजून आठ इंची स्पीकरच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पवर असाल तर माझं स्पष्ट मत आहे की पैसे आधी तिथे घाला. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापतो, मधल्या पट्टीत काय उठणार तेही स्पीकर आणि कॅबिनेट ठरवतात, त्यापुढे दोन हमबकरमधला फरक फार छोटा. मेटल वाजवत असाल तर एपिफोनच ठेवा. ब्लूज वगैरे वाजवता, व्हॉल्यूम नॉब सहा-सातवर आणून बोटांनी टोन काढता, तर गिब्सनचा तो सुटेपणा रोज कामाला येईल, परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त दुकानात जाताना स्वतःची एपिफोन नवीन तारा टाकून सोबत न्या, एकाच अ‍ॅम्पवर दोन्ही वाजवा, पिकअपची उंची आधी सारखी करून मागा, आणि नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.