बाबा गेले तेव्हा माझ्याकडे अजून अकरा तारीख होती

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली, गेली ११ वर्षं कॅनडात मिसिसागाला असते. या फेब्रुवारीत बाबा गेले. पहाटे साडेचारला, झोपेतच. ठाण्यात १२ तारीख लागली होती आणि माझ्याकडे ११ ची संध्याकाळ, सहा वाजलेले, मी ऑफिसातून येऊन कुकर लावत होते आणि दादाचा फोन आला. कितीही धावपळ केली तरी पोचायला दीड-दोन दिवस लागलेच असते, त्यात इकडे बर्फ पडत होता. आई म्हणाली त्यांना थांबवून ठेवायला नको. दुपारी दोनला जवाहरबागेत नेलं. माझ्याकडे रात्रीचे साडेतीन. आतेभावाने व्हिडिओ कॉल लावला होता, मी ओट्याला टेकून बघत होते, फोन सारखा हलत होता, नुसत्या लोकांच्या पाठी दिसत होत्या, मग ते अडकलं आणि परत लागलं तेव्हा सगळं झालेलं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी पोचले तर हॉलमध्ये फोटो आणि दिवा. येणारा प्रत्येक जण विचारायचा, वेळेवर नाही का गं पोचता आलं? मी सगळ्यांना चहा देत राहिले, एकदाही रडले नाही. तेरावं झालं आणि दोन दिवसांत परत आले, कारण आमच्या ओंटारिओत घरचं कोणी गेलं तर कायद्याने वर्षाला दोन दिवस रजा मिळते तीही बिनपगारी, बाकी सगळी माझी सुट्टी होती ती संपली.

बाबा रोज सकाळी आठला पेपरातल्या शब्दकोड्याचा फोटो पाठवायचे, दोन-तीन शब्द रिकामे ठेवून, ते मी सोडवायचे. हिवाळ्यात माझ्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ असायचे, उन्हाळ्यात साडेदहा. आता पाच महिने झाले, अजून त्या वेळेला मी फोन बघते. मला खरंच वाटतच नाही ते गेलेत असं, वाटतं आहेत तिकडे. परवा इथल्या दुकानात एक आजोबा बायकोला मराठीत विचारत होते की ही काकडी घेऊ का ती, आणि मी ट्रॉली तिथेच टाकून पार्किंगमध्ये जाऊन अर्धा तास रडले. मैत्रीण म्हणते तू डिनायल स्टेजला आहेस, म्हणजे ते गेलेत हे मानायलाच तयार नाहीस. दादा मोजकंच बोलतो, एकदा म्हणाला, सगळं मलाच करावं लागलं. आई फोनवर दोन मिनिटांत "मी बरी आहे" म्हणून ठेवते, परवा म्हणाली पेपर बंद करून टाकू का, वाचणारं कोण आहे आता.

दोन वर्षांतून एकदा भेटणारी मी, मला एवढं दुःख करायचा हक्क तरी आहे का? आणि त्यांचा दिवस मी कुठला धरू, अकरा की बारा?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : अगं, आधी ती तारीख. आपल्याकडे वर्षश्राद्ध तारखेने नाही करत, तिथीने करतात. घरच्या कॅलेंडरवर आईने किंवा गुरुजींनी ती तिथी लिहून ठेवली असेलच, ती विचारून घे. पुढच्या वर्षी ती ना अकराला येईल ना बाराला, भलत्याच दिवशी येईल, आणि त्या दिवशी ठाण्यात आणि तुझ्याकडे एकच तिथी मानायची, बाबा गेले त्या घरची. तुझ्या पत्रात हा प्रश्न शेवटी अगदी छोटासा आलाय पण मला वाटतं तुला तोच सगळ्यात जास्त टोचतोय, की त्यांच्या जाण्याच्या वेळीसुद्धा मी वेगळ्याच दिवसात होते.

आता हक्काचं. हे मी जरा लांबून सांगते, कारण मी दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे. २००९ मध्ये माझे अण्णा गेले, पाचपाखाडीत, मी इथेच होते. भाऊ मेलबर्नला, तो पाचव्या दिवशी आला. दवाखाना, दाखला, भटजी, आईची शुगर, सगळं मी केलं आणि तो बॅग घेऊन आला आणि खुर्चीत बसून राहिला, रडला पण नाही, आणि मला इतका राग आला ना त्याचा, की पुढची जवळजवळ दोन वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. "सगळं मलाच करावं लागलं" हे वाक्य मी शब्दशः बोललेली आहे. नंतर एकदा अण्णांचं कपाट आवरताना मी त्याला फोन लावला, शर्ट कोणाला द्यायचे विचारायला, आणि तो एकदम म्हणाला, तुमच्याकडे दाराबाहेर चपला ठेवायला जागा नव्हती, मी मेलबर्नला परत आलो तेव्हा माझ्याकडे एकही माणूस आलं नाही. सोमवारी ऑफिसला गेलो, लोक म्हणाले सॉरी टू हिअर, आणि मीटिंग सुरू झाली.

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. मला वाटायचं मी एकटीने सगळं झेललं, पण मी एकटी नव्हतेच गं. खालच्या मजल्यावरच्या काकू दहा दिवस डबा देत होत्या, अण्णांचे बँकेतले मित्र येऊन तेच तेच किस्से सांगत होते, दहाव्याला कावळा शिवेना तर सगळे मिळून अण्णांचं काय राहिलं असेल याचा विचार करत होतो. ते सगळं करता करता माणूस गेल्याचं अंगात मुरतं. तुला बातमी मिळाली पण दुखवटा नाही मिळाला. ठाण्यातल्या दिवसांत तू चहा करत होतीस, म्हणजे तू दुखवट्याला आलेल्यांची सोय बघत होतीस, तुझ्याकडे कोण आलं?

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की तू तिथे माणसं बोलाव. उशीर वगैरे काही झालेला नाही. आपल्या धर्मशास्त्रात अतिक्रांताशौच असा शब्दच आहे, म्हणजे लांब असलेल्या माणसाला बातमी उशिरा कळली तर त्याने सुतक कसं धरायचं याचा विचार. तुला सुतक धर असं मी अजिबात सांगत नाहीये, मी स्वतः ते फारसं मानत नाही, पण दूरदेशी असलेल्या लेकराचं दुःख उशिरा सुरू होतं हे जुन्या लोकांनाही माहीत होतं आणि त्यासाठी त्यांनी जागा ठेवली होती एवढं लक्षात घे. एखाद्या रविवारी तीन-चार जणांना घरी बोलव, बाबांचा फोटो ठेव, साधं पिठलं-भात कर आणि त्यांना बाबांबद्दल सांग. जे बाबांना कधी भेटले नाहीत त्यांनाच सांग, कारण त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. स्टेशनवरून घरी कसे यायचे, तलावपाळीला तळ्याकाठी कुठल्या बाकावर बसायचे, कोड्यात अडले की पेन कानाला लावायचे का, हे सगळं तुझ्या तोंडून मोठ्याने बाहेर येऊ दे.

आणि "वाटतं आहेत तिकडे" हे. अगं, वाटणारच. ११ वर्षं तुझे बाबा तुझ्यासाठी फोनमध्येच होते ना. नौपाड्याच्या घरात त्यांची खुर्ची रिकामी आहे, चष्म्याची केस पडलेली आहे, आईला ते उठल्या-बसल्या दिसतंय. तुझ्या मिसिसागाच्या घरात काहीच कमी झालेलं नाही, जे कमी झालं ते रात्री साडेनऊ-साडेदहालाच जाणवतं. म्हणून दिवसभर तू ठीक असतेस आणि काकडीपाशी कोसळतेस. याला मी डिनायल म्हणणार नाही. डिनायलपासून सुरू होणारे ते शोकाचे पाच टप्पे एलिझाबेथ कुबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये मांडले ते मुळात असाध्य आजार झालेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. त्यात आपण नापास झालो असं कोणी समजायचं कारण नाही. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये आणखी एका दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूचे दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत. दोन दिवस बिनपगारी रजा आणि "दोन वर्षांतून एकदाच तर भेटायचीस", हे त्यातलंच. हक्क भेटींवर नाही ठरत गं. रोज कोडं सोडवणारी तू होतीस.

फक्त एक लक्ष ठेव. पाच महिन्यांनी असं रडू येणं हा आजार नाही. पण सहा महिने, वर्ष उलटूनही जर तीच ओढ तितकीच तीव्र राहिली, झोप-जेवण-काम काहीच जमेना झालं, तर डॉक्टरांकडे जायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत लांबलेल्या शोकासाठी आता वेगळं निदान आहे आणि तिथे सहा महिन्यांचा हिशोब धरतात, अमेरिकन डॉक्टरांच्या २०२२ च्या यादीत मोठ्यांसाठी वर्षाचा. आणि जगणं नको वाटलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, कॅनडात ९८८ हा नंबर आहे, फोन करता येतो, मेसेज पण करता येतो. आईसाठी इथे टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. ठाण्यातच आयपीएच ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्याचं काम करतेय, दादाला सांगितलंस तर तो आईला घेऊन जाऊ शकेल. पण ते आईला हवं असेल तरच.

दादाला तू स्वतः फोन कर. माफी मागायला नको करू, त्याने तो आणखी अवघडेल. त्याला विचार की त्या दिवशी पहाटे साडेचार ते दुपारी दोन काय काय झालं, सगळं क्रमाने सांग. तुला ते तास माहीत नाहीत आणि त्याला ते कोणी विचारलेले नाहीत. माझ्या भावाने मला असं विचारलं असतं तर माझा राग दोन वर्षं टिकला नसता हे मी खात्रीने सांगते.

आई "मी बरी आहे" म्हणते कारण तू विचारतेस जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. त्याला दुसरं उत्तर काय असणार. त्यापेक्षा बाबांबद्दल विचार, लग्नाआधी बघायला आले तेव्हा काय बोलले, नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराचं काय केलं. ती रडेल, तूही रडशील, फोन चालू असताना दोघी रडलात तर बिघडत नाही, आपण सगळेच "तिच्यासमोर रडायचं नाही" असं करत बसतो आणि तिला वाटतं मुलं विसरली.

पेपर बंद करू नका. किमान वर्षभर तरी नको. पण आईला कोड्याचा फोटो पाठव असं सांगू नकोस हां, ती बाबांची जागा होती, आईला तिथे बसवायचं नाही. कोडं पेपरात असू दे. तू डिसेंबरमध्ये येशील तेव्हा रद्दीतून ते अंक काढून तलावपाळीला जा आणि सोडव, किंवा नको सोडवू, नुसती बस.

प्रश्न : मी मस्कतला असतो. मे महिन्यात वडील गेले, आई नेरूळला एकटी आहे. बहीण पुण्यात. सगळे नातेवाईक म्हणतात फ्लॅट विकून आईला घेऊन जा, लवकर कर. काय करू?
— एक वाचक, मस्कत

उत्तर : दादा, लवकर काहीच करू नका. नवरा गेला, आता घर पण जायचं आणि समोरच्या घरातल्या वहिनी पण, हे सगळं एका वर्षात बाईला झेपत नाही. तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, आईचं एकही वाक्य नाही. तिला विचारा, आणि पहिल्यांदा "तू म्हणशील तसं" म्हणाली तर ते उत्तर धरू नका.

कागदांचं मात्र बघा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते ती झाली असेलच, दाखल्याच्या सात-आठ प्रती काढून ठेवा, बँक, पेन्शन, सोसायटी सगळीकडे लागतात. आईला फॅमिली पेन्शन सुरू झालं का ते आधी बघा, बाकीचं नंतर. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल तर तेवढ्याने फ्लॅट तुमचा होत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही, बहीण, आणि वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळ्यांचा सारखा हिस्सा. सिडकोच्या लीजवरचा फ्लॅट असेल तर सिडकोकडेही नावं बदलावी लागतात. तिकडून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) पाठवणार असाल तर दूतावासात साक्षांकित करून पाठवा आणि ते इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरा. बहिणीला हक्कसोडपत्र मागायची घाई करू नका, वडिलांच्या दुःखात ते मनाला फार लागतं.

आईला मस्कतला जरूर बोलवा, दोन महिने, परतीचं तिकीट आधीच काढून, आणि ते तिला दाखवून. नेरूळच्या घराची एक किल्ली समोरच्या वहिनींकडे, एक तिच्या पर्समध्ये.