वाचकांचे प्रश्न : मुठीवरची दोरी पात्याकडं का सरकते?

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांचा एक जुना चाकू आहे, शेतात दोर कापायला, पोती फाडायला वापरतो. लाकडी मूठ चिरली म्हणून मी त्यावर नायलॉनची दोरी गुंडाळली, तीनदा गुंडाळली, पण आठ दिवसांत सगळे वेढे पात्याकडं सरकून गोळा होतात. पुतण्या जहाजावर असतो, त्यानं मार्लिनस्पाइक म्हणून एक निमुळती लोखंडी खुंटी आणून दिलीय आणि म्हणतो याच्याशिवाय जमणार नाही. ह्याचं नेमकं करायचं काय? दोरी किती लागंल?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : पुतण्या बरोबर बोलतोय बघा. पण आधी पात्याला पुठ्ठा लावून चिकटपट्टी गुंडाळा, कारण ह्या कामात जोर लावताना हात घसरला तर तो थेट धारेवरच जातो, मी हे अनुभवानं सांगतोय, टाके नाही पडले एवढंच.

आता सरकतं का, तर तुमची मूठ पात्याकडं बारीक होत गेली असणार. निमुळत्या लाकडावर वेढे नेहमी बारीक बाजूला घसरतात. त्यात नायलॉन गुळगुळीत, ओलं झालं की थोडं ताणतं, आणि नुसत्या बोटांनी ओढलेला वेढा कधीच पुरेसा आवळत नाही, बोटं कापायला लागली की आपण सोडून देतो. म्हणून सुरुवात बारीक बाजूनं करा, पहिला वेढा शेंबीला, म्हणजे मुठीच्या पात्याकडल्या टोकाच्या धातूच्या कडीला, टेकवून, म्हणजे पुढच्या प्रत्येक वेढ्याला मागच्याचा आधार मिळतो. चीर त्याआधी एपॉक्सीनं भरून घ्या, वाळल्यावर घासा आणि वरून पातळ चामड्याचा तुकडा चिकटवा, कोल्हापुरात चप्पल लाइनला कुणाकडं तरी कातरण मिळंलच.

खुंटीचं खरं काम नक्षीचं नाही, ओढायचं आहे. दोरीत एक फास करून त्यात खुंटी अडकवायची आणि खुंटी मुठीत धरून ओढायचं, हाताला काच बसत नाही आणि जोर जास्त लावता येतो, खुंटी काढली की तो फास आपोआप सुटतो. दुसरं काम, आवळलेल्या वेढ्याखाली वाट करून टोक आत सारायला. खुंटी नसंल तर आरी वापरू नका हं, ती अणकुचीदार, दोरीचे पेड फाडते. दाभणाचं टोक घासून बोथट केलं तरी भागतं, नाहीतर उद्यमनगरात लेथवाल्याकडून एक सळी निमुळती करून घ्यायची.

साधे वेढे देऊ नका. प्रत्येक वेढ्याला टोक त्याच वेढ्याखालून काढून आवळायचं, शर्टाचं काज शिवताना टाका घेतो ना अगदी तसं, ह्याला हाफ हिच म्हणतात. दर वेळी एकाच दिशेनं घेतलं की गाठींची रांग मुठीभोवती पिळासारखी फिरत जाते, आणि घामेजल्या हाताला तीच पकड देते. शिवाय प्रत्येक वेढा स्वतंत्र आवळलेला असल्यामुळं एक ढिला झाला तरी सगळे सुटत नाहीत.

हिशोब असा. मुठीचा घेर 9 सेमी, गुंडाळायची लांबी 10 सेमी आणि दोरी 2 मिमी जाड असंल तर 50 वेढे, म्हणजे साडेचार मीटर, त्यात गाठींचं धरून मी 7 मीटर घेतो. एवढी लांब दोरी दर गाठीला ओढायचा वैताग येतो म्हणून ती पुठ्ठ्यावर आठच्या आकड्यात गुंडाळून ठेवायची. ऑनलाइन मिळणारी 550 पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची नायलॉन दोरी, आणलीत तर आतले 7 धागे उपसून टाका, रिकामं आवरण चपटं बसतं.

दोन्ही टोकं झाकायला टर्क्स हेड, स्काऊटची पोरं स्कार्फला अडकवतात ती वेणीसारखी कडी. तीन पदरांची, कडेला पाच वळणं. तीन आणि सहा घेऊ नका, दोन्ही आकड्यांना एकाच संख्येनं भाग जात असंल तर एका दोरीत ही गाठ पुरी होतच नाही, मधेच सुरुवातीच्या टोकाला येऊन थांबते आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. एकदा विणून झाली की त्याच वाटेनं आणखी दोन फेऱ्या, आणि मग खुंटीनं ढील एकेका पदरातनं थोडी थोडी पुढं सरकवत न्यायची. एका दमात ओढलं की गाठ वाकडी झालीच. प्रत्येक कडीला सव्वा मीटरची वेगळी दोरी ठेवा.

सुती दोरी असंल तर वरून शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात द्या. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते, पसरून वाळवा.

प्रश्न : मटण कापायच्या सुरीला पण अशीच दोरी गुंडाळली तर भारी दिसंल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दिसंल की, नाद खुळा दिसंल. पण रक्त आणि चरबी वेढ्यात शिरली की घासून निघत नाही आणि चार दिवसांत वास सुटतो. तिला साधी लाकडी मूठच बरी.