फाईल नेमकी कुणाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: अनाथाश्रम, महिलाश्रम, वस्तीत काम करणाऱ्या संस्था, मदत समित्या यांचे जुने कागद आणि ते सांभाळणारा अर्काइव्हिस्ट. लांबलचक पत्रं थोडी छाटलीयत, नावं मुद्दामच काढलीयत.

प्रश्न: ताई, मी इतिहासात एमए करतोय. समाजकल्याणाच्या इतिहासाच्या अर्काइव्हमध्ये नोकरी म्हणजे नक्की काय करायचं असतं? दिवसभर धूळ झटकायची का? आणि समाजकार्याची डिग्री पण लागते का?

धूळ असतेच रे, नाही कशाला म्हणू. पण आधी हे बघ, सरकारचे कागद सरकार ठेवतं, मोठ्या माणसांची पत्रं त्यांच्या घरचे ठेवतात, आणि वस्तीत पाळणाघर चालवणाऱ्या किंवा बेकारांना मदत करणाऱ्या संस्थेचे कागद संस्था बंद पडली की कुणाचेच नसतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात क्लार्क चेंबर्स नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९६४ साली खास अशाच कागदांसाठी सोशल वेल्फेअर हिस्टरी अर्काइव्हज सुरू केलं. सेटलमेंट हाऊस (म्हणजे गरीब वस्तीतच राहून तिथल्या लोकांसाठी काम करणारी केंद्रं) चळवळीची राष्ट्रीय संघटना, बालकल्याण संस्थांचा महासंघ, असल्यांचे कागद तिथे आहेत आणि ते मिसिसिपी नदीकाठच्या कड्यात खोदलेल्या गुहांमध्ये ठेवलेत, तापमान आणि दमटपणा ठरावीक ठेवून. ऐकायला भारी वाटतं, रोजचं काम मात्र साधं असतं. बॉक्स येतात, देणाऱ्या संस्थेशी करार करायचा, कागद ज्या क्रमाने लावलेले होते तो क्रम मोडायचा नाही, एका संस्थेचे कागद दुसरीच्या कागदात मिसळायचे नाहीत (हा नियम फ्रान्समध्ये १८४१ साली लेखी झाला, आजही सगळे तोच पाळतात), रबरबँड काढायचे, गंजलेल्या पिना काढायच्या, जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येतोय का (म्हणजे ती खराब व्हायला लागलीय का) ते बघायचं, आला तर ती लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवायची, आणि शेवटी कुठल्या बॉक्समध्ये काय आहे त्याची वर्णनासकट सूची लिहायची. ही सूची म्हणजेच खरं काम, कारण सूचीत नसलेला कागद असून नसल्यासारखा.

पिनांवरून आठवलं म्हणून सांगते. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये, म्हणजे १७३९ साली स्थापन झालेल्या अनाथालयात, आई बाळ सोडून जायची तेव्हा बाळाच्या नोंदीच्या कागदाला कापडाचा एक तुकडा पिनेने टोचून ठेवायचे, कधी आईने दिलेला, कधी बाळाच्याच कपड्यातून कापलेला. पुढेमागे आई परत आली तर ओळख पटावी म्हणून. आता नियम म्हणतो पिना काढा, गंज कागद खातो. पण तिथे ती पिन आणि तो तुकडा हीच तर नोंद आहे, ती वेगळी करून कसं चालेल? असे निर्णय या नोकरीत सारखे येतात आणि पुस्तकात त्यांचं तयार उत्तर नसतं.

डिग्री म्हणशील तर इतिहास किंवा ग्रंथालयशास्त्र आणि वर अर्काइव्हचा कोर्स, एवढं पुरतं. समाजकार्याची डिग्री असली तर उत्तमच, केस फाईल, म्हणजे संस्थेने एकेका माणसाबद्दल ठेवलेली फाईल, कशी लिहिली जाते ते आधीच माहीत असतं. त्याहून जास्त लागतो तो शांतपणे 'नाही' म्हणता येण्याचा गुण, तो कशाला ते पुढच्या उत्तरांत कळेल.

प्रश्न: आमची संस्था खूप जुनी आहे. माळा कागदांनी भरलाय. नवीन कमिटी म्हणते रद्दीत घाला, जागा मोकळी करा. काय ठेवायचं, काय टाकायचं?

आधी कमिटीला हात आवरायला सांगा, आणि हो, आवराआवरी करणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यालाही, कारण तो 'नीट लावतो' म्हणून सगळं तारखेप्रमाणे लावून टाकतो आणि कुठला कागद कुठल्या कामातला होता ते कायमचं जातं. सभांची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, पत्रव्यवहार, फोटो, प्रवेशाची रजिस्टरं हे सगळं ठेवायचं. एकाच पत्रकाच्या पन्नास प्रती असतील तर दोन ठेवा. बिलं आणि व्हाउचर कायद्याने सांगितलेली मुदत संपली की जाऊ द्या, त्यात जीव अडकवायचं कारण नाही.

खरी भानगड केस फाईलींची. त्या मीटरच्या मीटर जागा खातात, म्हणून नमुना ठेवायची पद्धत आहे, म्हणजे दर दहावी फाईल ठेवली आणि बाकीच्या नष्ट केल्या. इतिहासकाराचं त्यात भागतं. पण ज्याची फाईल त्या उरलेल्या नऊत होती त्याचं काय? माझं मत पक्कं आहे, मुलांच्या फाईलींना नमुन्याचा नियम लावूच नये, अजिबात. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१० साली जुन्या लँडिंग कार्डांचा साठा नष्ट केला, कॅरिबियन बेटांवरून जहाजाने आलेल्या लोकांची उतरतानाची नोंद होती ती. ऑफिसच्या दृष्टीने अडगळ. नंतर त्यातल्याच लोकांना, लहानपणी आलेल्या आणि आता म्हाताऱ्या झालेल्यांना, तुम्ही इथे कधीपासून राहता ते सिद्ध करा असं म्हटलं गेलं, आणि २०१८ मध्ये हे प्रकरण (त्यांना आणणाऱ्या एका जहाजाच्या नावावरून 'विंडरश प्रकरण') बाहेर आलं तेव्हा या कार्डांची गोष्ट जगाला कळली. टाकणारा माणूस दुष्ट नसतो हो, त्याला फक्त हा कागद पुढे कुणाला लागेल ते दिसत नसतं. फाईली ठेवायला जागाच नसेल तर विद्यापीठाला किंवा एखाद्या अर्काइव्हला देऊन टाका, पण लेखी करार करा आणि कुठल्या फाईली किती वर्षं बंद राहणार ते त्यातच लिहून घ्या.

प्रश्न: जुन्या कागदांत माणसांबद्दल फार घाण शब्द आहेत. सूची करताना ते बदलायचे की तसेच ठेवायचे?

मूळ कागदाला हात लावायचा नाही. चार्ल्स बूथने १९व्या शतकाच्या शेवटी लंडनच्या गरिबीचे नकाशे केले, त्यात सगळ्यात गरीब गल्ल्या काळ्या रंगात आणि शेजारी शेरा काय तर दुर्गुणी, अर्धे गुन्हेगार. तो शेरा खोडला तर पेन कुणाच्या हातात होतं तेच कळणार नाही. पण सूचीतलं वर्णन आपलं असतं, तिथे 'पतित स्त्रियांचं रजिस्टर' असं आपल्या आवाजात लिहायची गरज नाही. आजच्या भाषेत वर्णन लिहा, मूळ शीर्षक अवतरणचिन्हात द्या म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल, आणि तुम्ही काय बदललंत तेही नोंदवून ठेवा. झालं.

प्रश्न: मी एका संस्थेत वाढलो. आता वय झालंय, मुलं विचारतात तुमचं गाव कुठलं. संस्थेचे कागद एका अर्काइव्हकडे गेलेत असं कळलं. मी मागितले तर म्हणाले पूर्ण फाईल देता येणार नाही. माझी फाईल मलाच का नाही मिळत?

दादा, तुमचा राग बरोबर आहे आणि तो बऱ्याच देशांत कोर्टापर्यंत गेलाय. लिव्हरपूलच्या सरकारी देखरेखीत वाढलेल्या ग्रॅहॅम गॅस्किन या माणसाने आपली फाईल मागितली, पालिकेने काही भागच दिला, बाकीच्याबद्दल म्हणाले ज्यांनी माहिती दिली त्यांची संमती नाही. तो युरोपियन मानवाधिकार कोर्टात गेला आणि १९८९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला. कोर्टाने सरसकट सगळं द्या असं नाही म्हटलं, पण संमती मिळत नसेल तर द्यायचं की नाही हे ठरवायला कुणीतरी स्वतंत्र असावं, ते नव्हतं म्हणून त्याच्या खाजगी आणि कौटुंबिक आयुष्याचा हक्क डावलला गेला, असं म्हटलं. पुढे ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये संस्थांमध्ये वाढलेल्यांची जाहीर माफी मागितली आणि त्यांना आपले कागद शोधायला मदत करणारी सेवा उभी केली. आयर्लंडने २०२२ मध्ये कायदा करून दत्तक गेलेल्यांना स्वतःचा जन्मदाखला आणि जन्माची माहिती मिळवायचा हक्क दिला.

मग अडतं कुठे? फाईल तुमच्या नावाची असते पण तिच्यात एकटे तुम्ही नसता. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी १९१७ साली केस कशी तपासावी यावर 'सोशल डायग्नोसिस' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात नातेवाईक, डॉक्टर, शाळा, मालक, शेजारी सगळ्यांकडे चौकशी करायला सांगितलंय, आणि त्या काळापासून फाईली तशाच भरत गेल्या. त्यामुळे तुमच्या फाईलमध्ये तुमच्या आईचा आजार असेल, मामाचं दारूचं व्यसन, शेजारणीने सांगितलेली ऐकीव गोष्ट, एखाद्या भावंडाचा पत्ता ज्याला तुम्ही आहात हेच माहीत नाही. यातल्या कुणालाच कुणी विचारलं नव्हतं की हे ठेवू का म्हणून. अर्काइव्हिस्ट त्या ओळी झाकतो ते यासाठी. पण, आणि हे मी आमच्याच लोकांना सुनावते, झाकण्याचा आळस फार असतो, दोन ओळी झाकायच्या तिथे अख्खं पान काळं करतात. आईबापाचं नाव, जन्मतारीख, कुठून आणलं, का आणलं, कोण भेटायला यायचं, ही तुमची माहिती आहे आणि ती मिळायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आता असं करा. अर्ज परत द्या, लेखी, आणि नुसती 'फाईल' मागू नका. प्रवेश रजिस्टर, वैद्यकीय नोंदी, शाळेचे कागद, कमिटीच्या इतिवृत्तातला तुमचा उल्लेख, ग्रुप फोटो असं एकेक नाव घेऊन मागा, कारण हे सगळं वेगवेगळ्या बॉक्समध्ये असतं आणि केस फाईल हरवली तरी रजिस्टर बऱ्याचदा टिकलेलं असतं. तुमचं नाव तेव्हा वेगळ्या स्पेलिंगने किंवा संस्थेने दिलेल्या दुसऱ्याच नावाने लिहिलेलं असू शकतं, तेही कळवा. जे झाकलंय ते कुठल्या कारणाने झाकलंय आणि तो निर्णय कुणाकडे पुन्हा बघायला देता येतो, हे लेखी मागा.

आणि वाचायला एकटे जाऊ नका. त्या काळचे लिहिणारे मुलाबद्दल 'हट्टी', 'मंद' असं बिनधास्त लिहून मोकळे व्हायचे, ते पन्नास वर्षांनी वाचतानाही लागतं. चांगलं अर्काइव्ह असेल तर आधी कुणीतरी तुमच्याशी बोलेल, आत काय आहे याची कल्पना देईल. चुकीचं लिहिलेलं दिसलं तर मूळ ओळ खोडता येणार नाही, पण तुमचं म्हणणं लिहून द्या आणि ते फाईलला कायमचं जोडा असं सांगा. बरीच अर्काइव्ह हे करतात, न करणाऱ्यांनी करावं.

प्रश्न: एवढे सगळे नियम कशाला, सगळं स्कॅन करून ऑनलाईन का टाकत नाही?

वरचं उत्तर परत वाचा! वार्षिक अहवाल, छापील पत्रकं, नकाशे टाका की बिनधास्त, बूथचे नकाशे ऑनलाईन आहेतच आणि लोक तासन्‌तास बघत बसतात. पण माणसांच्या नोंदींना मुदत असते, अमेरिकेत जनगणनेतली नावं ७२ वर्षं बंद असतात, इंग्लंडमध्ये १०० वर्षं, आणि ती तर साधी नाव-वय-धंदा एवढीच माहिती. केस फाईल त्याच्या कितीतरी पुढची. रीडिंग रूममध्ये एक संशोधक पेन्सिल घेऊन बसतो, नावं छापणार नाही असं लिहून देतो, तेव्हा तो कोण आहे ते आम्हाला माहीत असतं. ऑनलाईन टाकलेलं पान गूगलवर नाव टाकलं की येतं, नातवालाही आणि नातवाच्या होणाऱ्या सासऱ्यालाही. शिवाय स्कॅन म्हणजे फुकट असं समजू नका, फाईलींची नावं, वर्णन, बॅकअप, दर काही वर्षांनी नवीन फॉरमॅटमध्ये हलवणं, हा खर्च चालूच राहतो आणि देणगीदाराला फक्त स्कॅनर विकत घ्यायला आवडतं.