डेटा प्रायव्हसी आणि सिक्युअर डिस्ट्रिब्युटेड कंप्युटिंगमध्ये संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात?

तुमच्या भाचीला या विषयात पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय, नातेवाईक विचारतात तेव्हा तुम्ही 'हॅकरपासून कंप्युटर वाचवायचं काम' असं सांगून वेळ मारून नेता, आणि हे बरोबर आहे का, असा तुमचा प्रश्न. मी याच विषयात काही वर्षं काढली आहेत. माझे काका अजून मला अँटिव्हायरसवाला समजतात, त्यामुळे तुमची अडचण कळते.

हॅकर बाहेरचा असतो. या विषयातली खरी डोकेदुखी आतल्या लोकांची आहे. चार जणांना मिळून एक हिशेब करायचाय, पण कुणाचाच कुणावर भरवसा नाही, अशा वेळी काय करायचं?

गेल्या दिवाळीत आम्ही तिघे कॉलेजमित्र साताऱ्याला भेटलो. आपला पगार सांगायला कुणीच तयार नव्हतं, पण आपण सरासरीच्या वर की खाली, हे तिघांनाही हवं होतं. मग मी विद्या पाजळली. प्रत्येकाने आपल्या पगाराचे मनाला येतील तसे तीन तुकडे करायचे, बेरीज मात्र पगाराइतकी यायला हवी. माझा पगार ६० हजार धरा. मी तुकडे केले (सगळे आकडे हजारांत) ४१२, उणे २९० आणि उणे ६२. पहिला स्वतःकडे ठेवला, बाकीचे दोन त्या दोघांना एकेक दिले. दुसऱ्याने केले उणे १५०, ३१८, उणे ७४. तिसऱ्याने ७७, उणे २०५, २३८. पहिले तुकडे माझ्याकडे आले, दुसरे दुसऱ्याकडे, तिसरे तिसऱ्याकडे. प्रत्येकाने हातातल्या तुकड्यांची बेरीज मोठ्याने सांगितली: ३३९, उणे १७७, १०२. एकूण २६४, म्हणजे सरासरी ८८ हजार. मी खाली निघालो, ते सोडा. (खऱ्या सिस्टीममध्ये घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरणारं गणित वापरतात, म्हणजे तुकड्यावरून मूळ आकड्याचा अंदाजसुद्धा लागत नाही.)

हा नुसता दिवाळीतला खेळ नाही. जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्ये साखरेच्या बीटाच्या कंत्राटांचा लिलाव याच तत्त्वावर झाला. युरोपियन युनियनने साखरेचं अनुदान कमी केल्यामुळे बीट कुणी पिकवायचं आणि कुणी सोडायचं, याची नव्याने वाटणी करायची होती. शेतकरी सुमारे १२००, बीट घेणारी कंपनी एकच, डॅनिस्को. बीट पिकवायचं कंत्राट कोणत्या भावाला किती विकेन किंवा घेईन, हे शेतकऱ्याने कळवायचं. पण हा आकडा कंपनीच्या हाती लागला तर शेतकरी किती अडचणीत आहे ते तिला कळणार. मी ऊसपट्ट्यातला, त्यामुळे ही भीती मला कुणी समजावून द्यावी लागली नाही. तोडगा असा निघाला की प्रत्येक बोलीचे तुकडे तीन ठिकाणी जातील: एक कंपनीकडे, एक शेतकऱ्यांच्या संघटनेकडे, एक संशोधकांकडे. तिघांच्या यंत्रांनी मिळून भाव काढला आणि एकही बोली कुणाला दिसली नाही. यामागे आर्हुस विद्यापीठातल्या इव्हान डामगोर्ड यांच्यासारखे संशोधक होते. मूळ कल्पना बरीच जुनी. दोन कोट्यधीशांनी संपत्ती न सांगता कोण जास्त श्रीमंत हे कसं ठरवायचं, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्येच मांडला होता. कागदावरून शेतात यायला पंचवीसेक वर्षं लागली.

पण साताऱ्याची गोष्ट तिथे संपली नाही. जेवणं झाल्यावर चौथा मित्र आला. त्याला धरून आम्ही हौसेने सगळं पुन्हा केलं. बेरीज आली ३३४. तो पठ्ठ्या तोंडातून एक आकडा बोलला नव्हता, पण ३३४ वजा २६४ करायला वेळ कितीसा लागतो? सत्तर हजार. त्या रात्रीचा चहा आम्ही त्याला पाजला.

पद्धतीत कुठेही चूक नव्हती. उत्तरानेच चुगली केली. भाचीच्या विषयाचा 'प्रायव्हसी' हा भाग इथून सुरू होतो, आणि माझ्या मते जास्त खोल तोच आहे. संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर उपाय मांडला. उत्तर बाहेर सोडताना त्यात थोडी भेसळ करायची, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखा निघालेला एखादा आकडा त्यात मिळवायचा किंवा वजा करायचा. किती, हेही मनाने ठरवायचं नाही. एका माणसाच्या असण्या-नसण्याने उत्तर जास्तीत जास्त किती हलू शकतं, ते मोजून. यादीत तुम्ही असा वा नसा, बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ तेच दिसलं पाहिजे. याला डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात.

भेसळ करून खरं कसं कळणार, असं वाटेल. स्टॅन्ली वॉर्नर यांनी अशी एक युक्ती १९६५ मध्येच दाखवली होती. तिचा आज शिकवला जाणारा अवतार असा. शंभर जणांना विचारा, 'कधी लाच दिलीत का?' प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं बोलायचं. काटा आला तर पुन्हा उडवायचं, आणि छाप्याला 'हो', काट्याला 'नाही' म्हणायचं. समजा ४० जण 'हो' म्हणाले. त्यातले साधारण २५ नाण्याने बोलवलेले. उरले १५, तेही खरं बोलणाऱ्या ५० पैकी. म्हणजे सुमारे ३० टक्के लोकांनी लाच दिली आहे. पण 'हो' म्हणणाऱ्या एकालाही पकडता येत नाही, कारण तो नाण्याकडे बोट दाखवू शकतो.

याची किंमतही मोजावी लागते. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे डिफरन्शियल प्रायव्हसीची भेसळ करून प्रसिद्ध केले, त्यावर बराच वाद झाला आणि अलाबामा राज्य कोर्टात गेलं. मोठ्या शहराच्या आकड्यात दहा-वीसचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीचं त्याने पार चित्र बदलतं. भेसळ किती करायची हे गणित सांगत नाही, ते माणसांनीच ठरवायचं. मला स्वतःला यावर अजून ठाम मत देता येत नाही.

'डिस्ट्रिब्युटेड'बद्दल थोडक्यात. यंत्रं अनेक असतात, त्यातली काही बंद पडतात, काही खोटं बोलतात, आणि तरी बाकीच्यांचं एकमत व्हायला हवं. सही-शिक्क्याविना नुसत्या निरोपांवर काम चालत असेल, तर एक फितूर, म्हणजे खोटं बोलणारं यंत्र, पचवायला एकूण किमान चार यंत्रं लागतात, दोन पचवायला सात. गंमत म्हणजे याच ड्वर्कबाईंचं १९८८ मधलं गाजलेलं काम या एकमतावरच आहे.

तेव्हा नातेवाईकांना 'कुणाचाही डेटा उघड न करता सगळ्यांचा मिळून हिशेब करायचं शास्त्र' असं सांगा. आणि भाची सुट्टीला आली की तिला विचारा, 'तुझ्या सिस्टीममध्ये किती फितूर चालतात गं?' मग मात्र तासभर मोकळा ठेवा.